मास्तरांचा पाय आणि माझं शेपूट

मी बोका बोलतोय. साधासुधा बोका समजू नका, पट्टीचा शिकारी! माझी नुसती सावली हलली तरी गल्लीतल्या उंदरांची पाचावर धारण बसायची. आता तुम्ही खोदून खोदून विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. आजवर मी एकच उंदीर धरला. तो रबराचा होता. त्याच्या पोटातून 'चीं' असा आवाज आला तेव्हा जो कपाटावर पळाला, तो मी.

पण सूड घेण्यात मात्र माझा पंजा कोणी धरू शकायचं नाही. आज तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म एका मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या मागच्या खोलीत, फेकायला काढलेल्या टायरमध्ये झाला. आई कामानिमित्त बाहेर गेली ती गेलीच. मला भूक लागली. डोळे अजून उघडले नव्हते, म्हणून तोंड उघडलं. असं उघडलं की पुढच्या खोलीतला वर्ग थांबला. शाळेचे मालक, म्हणजे मास्तर, धावत आले, टायरमध्ये डोकावले आणि म्हणाले, "एवढासा जीव आणि आवाज बघा, गिरणीचा भोंगा नुसता!" तेच नाव चिकटलं. भोंगा. लाडात आले की भोंग्या.

शाळेतच जन्मलो म्हणून शिक्षण झालं, पण अर्धंच. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा मोठा तक्ता होता. मी कपाटावर बसायचो. तिथून तक्त्याच्या वरच्या ओळी दिसायच्या, खालच्या कपाटाआड जायच्या. त्यामुळे पुढे वळण आहे, पुढे घसरडं आहे, पुढे रस्ता अरुंद आहे, हे मला सगळं येतं. 'हॉर्न वाजवू नये' ही खूण खालच्या ओळीत होती असं फार उशिरा कळलं. तोवर माझं शिकायचं वय निघून गेलं होतं.

शाळेला लागूनच एक पत्र्याची शेड होती. तिथे मास्तरांची बायको मोटारींची सीट कव्हरं शिवायची. मी तिला बाई म्हणतो. बाईचं मशीन दिवसभर खडखडत असायचं. एका बाजूला रेक्झिनचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला फोमच्या कातरणांचा हा एवढा ढीग. त्या ढिगात मधोमध एक खळगा होता, बरोबर माझ्या मापाचा. नव्या कव्हरावर मी नखं चालवली तर बाई कात्री उगारायची आणि म्हणायची, "भोंग्या, एकेक नख उपटून हातात देईन." मग त्याच हाताने खळगा सारखा करून द्यायची. मला सगळ्या जगात दोन आवाज आवडतात. एक तिच्या मशीनचा आणि दुसरा माझा.

आता मास्तरांच्या पायाकडे येतो, कारण सगळी भानगड त्या पायाची आहे.

शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की मास्तरांनी तो दाबायचा. आमच्या मास्तरांनी उभं आयुष्य त्या बाजूच्या सीटवर काढलं. दाबून दाबून उजव्या पायाला खोड लागली. मास्तर घाबरले की पाय दाबतात, मग गाडीत असोत नाहीतर घरात. दूध उतू जातंय? दाब पाय. सासरे दारात उभे? दाब पाय. बाई विचारते, "अहो, भोंग्यासाठी ठेवलेलं अंडं कुठे गेलं?" मास्तर छताकडे बघत म्हणतात, "मला काय माहीत?" आणि खाली पाय जमिनीत रुतत चाललेला असतो. बाई चेहऱ्याकडे बघतच नाही. पायाकडे बघते आणि काय ते समजते.

एकदा मी मास्तरांच्या खुर्चीखाली झोपलो होतो. टीव्हीवर एक ट्रक घाटातून सुसाट खाली येत होता. मास्तरांनी ब्रेक मारला. ट्रक काही थांबला नाही. माझ्या शेपटाचं टोक तेवढं थांबलं, ते आजतागायत काटकोनात थांबलेलंच आहे. मागून बघणाऱ्याला वाटतं, मी वळायचा इशारा देतोय.

तेव्हा मास्तर मला टॉवेलात गुंडाळून अनवाणी दवाखान्यात पळाले, दिवसभर बाकावर मला मांडीवर घेऊन बसले, वगैरे वगैरे. ते मी धरत नाही. शेपूट माझं मोडलं, त्यांचं नाही.

त्या दिवसापासून मी मास्तरांच्या मागे लागलो. परवान्याच्या परीक्षेला साहेब येणार असले की मास्तर काळी पँट काढून ठेवायचे. मी तिच्यावर झोपायचो. माझा रंग पांढरा आहे. गाडीची किल्ली मी पंजाने ढकलत ढकलत कपाटाखाली न्यायचो आणि मास्तर घरभर ओरडत फिरले की त्यांच्या मागे मागे फिरून शोधायला मदत करायचो. "बघ बघ, मुक्या जनावराला समजतं," असं बाईला सांगायचे बिचारे.

असं सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मास्तरांना दूरच्या शहरात, एका बस कंपनीत नवे ड्रायव्हर शिकवायची नोकरी लागली. घर हलवायचं ठरलं. शाळेची पाटी उतरली, तक्ता गुंडाळला गेला. तेव्हा कुठे मला त्याच्या खालच्या ओळी दिसल्या. बाईने मशीनला गोणपाट गुंडाळलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून उभी राहिली.

प्रवास दिवसभराचा. बाई मला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "बोका म्हातारा आहे. एकदम लांब नेऊ नका. आधी सवय करा. पहिल्यांदा नुसतं बंद गाडीत बसवा. मग इंजिन चालू करून बसवा. मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी."

हे ऐकून मास्तरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "अगं, हा तर माझाच अभ्यासक्रम!" शाळा बंद झाल्यापासून त्यांना शिकवायला कोणी मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मला शिकवणी सुरू. मी वेताच्या टोपलीत, मास्तर शेजारी. "भोंग्या, पहिला धडा. गाडीत बसल्यावर आधी काय करायचं? शांत राहायचं." मी शांत राहिलो. बाई खिडकीतून बघत होती ना! ती आत गेली, तसा मी मास्तरांच्या मांडीवर सकाळचं दूध परत केलं.

दुसरा धडा, इंजिन. पुन्हा तेच. तिसऱ्या धड्याला मास्तर रेनकोट घालून आले. बाई पोट धरून हसली. "अहो, तुमचा एवढा बिनडोक विद्यार्थी आजवर झाला नसेल!" मास्तर म्हणाले, "हा बिनडोक नाही. हा आतल्या गाठीचा आहे." माणूस शिक्षक खरा. विद्यार्थी बरोबर ओळखला होता.

निघायच्या आदल्या दिवशी मी रिकाम्या शाळेत कपाटावर पडलो होतो. कपाट न्यायचं नव्हतं, म्हणून त्याला शेवटचा निरोप देत होतो. मास्तर आत आले, दार लोटलं आणि फोन लावला. त्यांना वाटलं, खोलीत कोणी नाही.

"ताई, उद्या दुपारी जेवायला पोचतो तुझ्याकडे. हो, बोका आणतोय. अगं, पट्टीचा शिकारी आहे! तुझ्या गोदामात उंदीर औषधालाही उरणार नाही... हिला काही बोलू नकोस. मी म्हणेन, पाणी पाजायला टोपली उघडली आणि सुटला, पळाला... रडेल दोन दिवस, मग विसरेल. नवा सोफा घेतलाय गं ताई, दुधाच्या रंगाचा. हा तिथे आला तर आठवड्यात चिंध्या."

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिचं वाटेवरच्या गावात धान्याचं गोदाम.

मी कपाटावर थिजलो. एकदा शाळेत औषधाने मेलेला उंदीर पडला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन मिशा साफ करत बसलो होतो, एवढाच काय तो माझा पराक्रम. त्या थापेवर विश्वास ठेवणारा जगात एकच माणूस निघाला, आणि तोच तिच्या जोरावर मला देऊन टाकायला निघाला होता!

गोदाम, उंदीर, एक वेळ ते चालवून घेतलं असतं. पण बाईला काय वाटणार? भोंगा मला सोडून पळाला. ती वाटेवर उभी राहून हाका मारणार, मी तिकडे पोत्यांमागे कोंडलेला, आणि मास्तर शेजारी उभं राहून म्हणणार, "चल गं, उशीर होतोय." शेपटाची गोष्ट वेगळी होती. तो पाय चुकून पडला होता. हे ठरवून चाललं होतं.

मी त्याच वेळी मनाशी म्हटलं, मास्तर, उद्या तुमची परीक्षा आहे. साहेब मी.

सकाळी निघालो. गाडी तीच, दोन ब्रेकवाली. स्टिअरिंगवर बाई, कारण मास्तरांना स्वतः चालवायला बसवलं की पाच मिनिटांत सरकत सरकत बाजूला येतात. मागच्या सीटवर खोकी, खोक्यांच्या मध्ये मी, टोपलीत. टोपलीत बाईने फोमची गादी शिवून घातली होती. मधोमध खळगा पाडून.

गाडी गल्लीबाहेर पडली तशी मास्तरांची टकळी सुरू झाली. "आरसा बघ. अगं, आरसा. गिअर बदल. इतक्यात नको. आता. आता बदल! क्लचवर पाय ठेवून चालवू नये, कितीदा सांगितलंय." बाई ओठ मिटून चालवत होती. लग्न झाल्यापासून तिने एकदाही मास्तरांच्या बडबडीशिवाय गाडी चालवली नव्हती.

मी वाट बघत होतो. मोठा रस्ता लागला. मास्तरांनी थर्मासमधून कपात चहा ओतला, फुंकर मारली आणि तोंड उघडलं, "पुढच्या ट्रकला..."

मी भोंगा वाजवला. पोटाच्या तळापासून, शेपटाच्या मोडक्या टोकापासून.

मास्तर दचकले आणि पाय दाबला. या वेळी खाली खराखुरा ब्रेक होता! गाडी जागच्या जागी थबकली. चहा मास्तरांच्या मांडीवर. मागचा ट्रकवाला बाजूने जाताना खिडकीतून ओरडला, "मावशी, नवीन शिकताय का?"

बाई लाल झाली. "ब्रेक कोणी मारला?"

"तो ओरडला म्हणून..."

"तुम्ही बोललात म्हणून तो ओरडला! पाय वर घ्या."

"अगं, पण..."

मी पुन्हा वाजवला.

"बघा! तुमचा आवाज सहन होत नाही त्याला. पाय वर घ्या, मांडी घाला, आणि आता एक अक्षर बोलू नका."

मंडळी, त्या दृश्यासाठी मी आणखी एक शेपूट मोडून घेतलं असतं. उभ्या गावाला गाडी शिकवणारा माणूस सीटवर मांडी घालून, ओल्या पँटने, तोंड मिटून बसलेला! वळण आलं की त्यांचे ओठ हलायचे. मी नुसता घसा साफ करायचो. ओठ बंद.

आणि बाई! घाट आला, तो तिने असा चढवला की टोपलीतल्या माझ्या वाटीतलं पाणी हललं नाही. एक ट्रक मागे टाकला, मग दुसरा. खिडकी खाली केली आणि गुणगुणायला लागली. घाटमाथ्यावर तिने हळूच विचारलं, "अहो, बरी चालवते ना मी?" मास्तर हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी वाजवला. सूड म्हणजे सूड. त्यात सवलत नाही.

दुपारी ताईंकडे पोचलो. ताईंचा आवाज हा एवढा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "आलात का रे? आणि तुझ्या पँटला काय झालं? या वयात?" मास्तरांनी शर्ट खाली ओढला. बाई हातपाय धुवायला आत गेली, तशी मास्तरांनी टोपली उचलली आणि परसातल्या गोदामाकडे निघाले. मी ओरडलो. पण गोदामाच्या भिंती जाड होत्या, आणि बाईला वाटलं असणार, मास्तर काहीतरी बोलले.

आत अंधार. छतापर्यंत पोती. धान्याचा आणि उंदरांचा वास. मास्तरांनी टोपली उघडली आणि वाकून म्हणाले, "राग मानू नकोस रे भोंग्या. इथे मजेत राहशील." त्यांचा आवाज जरा घोगरा होता. धुळीमुळे असेल.

मी ठरवलेलं, नाकाला चावायचं. नेम धरत होतो, तेवढ्यात पोत्यांमागून एक उंदीर आला.

उंदीर कसला, गल्लीतला पुढारी होता! मास्तरांच्या बुटाएवढा. तो सावकाश माझ्यासमोर आला, बसला, आणि माझ्याकडे बघत मिशा साफ करायला लागला. माझीच ऐट, माझ्याच तोंडावर!

पुढचं झटपट घडलं. मी मास्तरांच्या पायावरून, पोटावरून, छातीवरून वर चढलो आणि डोक्यावर जाऊन बसलो. चारही पंजांनी घट्ट धरून. मी मुद्दामच केलं ते, सूड म्हणून. शर्टाच्या चिंध्या झाल्या. मास्तरांनी अशी आरोळी ठोकली की मला पहिल्यांदा वाटलं, आवाजाच्या बाबतीत आपल्याला भाऊ आहे.

आरोळी ऐकून धावत आलेल्या ताईंनी डोळ्याला पदर लावला. हसून हसून त्यांना रडू आलं होतं. "अरे गाढवा, हा पट्टीचा शिकारी? यालाच ठेवून घ्यायचं होतं ना मी? याच्यासाठी मला आता एक मांजर पाळावी लागेल, राखणीला!"

"काय ठेवून घ्यायचं होतं, वन्सं?"

दारात बाई उभी होती. हातात माझ्यासाठी दुधाची वाटी.

उंदीरसुद्धा मिशा साफ करायचा थांबला. मास्तर म्हणाले, "काही नाही गं. याला पाणी पाजायला आणलं होतं. ताई आपली थट्टा करते."

बाईने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. खाली बघितलं. मास्तरांचा उजवा पाय गोदामाच्या फरशीवर असा दाबला गेला होता की चपलेचा अंगठा तुटला.

"पाय बघा तुमचा," ती म्हणाली.

मास्तरांनी पाय बघितला. मग तो हळूच मागे ओढला.

बाईने मला डोक्यावरून सोडवलं, एकेक नख करून, जसा ती उसवलेला टाका सोडवते. छातीशी धरलं. तिचं काळीज मशीनसारखं धडधडत होतं. "मला सांगणार काय होतात?" तिने विचारलं. "पळाला म्हणून? आणि मी हाका मारत बसले असते, तर बघत राहिला असतात?"

मास्तर गप्प. या वेळी मी भोंगा वाजवला नव्हता.

"वन्सं, जेवण बांधून द्या," बाई म्हणाली. "आणि अहो, तुम्ही मागे बसा."

मास्तर मागे बसले, दोन खोक्यांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला लावून, फाटका शर्ट, तुटकी चप्पल. तिथे ब्रेक नव्हता. बाजूच्या सीटवर पट्टा लावून माझी टोपली. उरलेला रस्ताभर बाई माझ्याशी बोलत होती. "काय भोंग्या, आरसा बघू का? गिअर बदलू का?" मागून एकदा बारीक आवाज आला, "बदल." आम्ही दोघांनी ऐकलं नाही.

आता आम्ही नव्या घरात आहोत. बाईचं मशीन खिडकीपाशी खडखडतं. फोमचा नवा ढीग झालाय. दुधाच्या रंगाच्या सोफ्याला बाईने स्वतः रेक्झिनचं कव्हर शिवून घातलंय. "आता काढा नखं," म्हणाली मला. मी मान राखून कव्हरावर काढत नाही, कव्हराखाली शिरून काढतो. मास्तर कामाला बसने जातात. कपाट नाही, म्हणून मी फ्रीजवर बसतो आणि त्यांच्या किल्ल्या आता तिथून खाली पाडतो. माझे दात निम्मे गेलेत, कानाला कमी ऐकू येतं, उडी मारायच्या आधी दोनदा विचार करावा लागतो. पण सूड अजून ताजा आहे. तुम्हाला एकच सांगणं आहे. बोक्याला लांब न्यायचं असेल तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं करा, आणि त्याला जिथे न्यायचं आहे तिथेच न्या.

काल दुपारी बाई बाहेर गेली होती. मास्तर खुर्चीत बसले होते, टीव्ही बंद. मी फ्रीजवरून त्यांची काळी पँट, फाटका सोफा, पाडलेल्या किल्ल्या असं सगळं नजरेखालून घातलं आणि शेपूट उभं करून त्यांच्याकडे असं बघितलं, की बोला मास्तर, कोण जिंकलं?

मास्तरांनी वर माझ्याकडे बघितलं. मग वाकून त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि लांब सरकवली.

"तू जिंकलास बाबा," ते म्हणाले. "सीट तुझी, सोफा तुझा, बायकोही तुझीच. पण मग एक सांग. एवढं मोठं घर आहे, आणि झोपायला माझ्या याच पायाशी का येतोस रे?"